ट्रकमागचा आडोसा

द्रुतगती मार्गावर एखाद्या कंटेनरच्या मागे जरा जवळ गेलं की गंमत होते. खिडकीच्या फटीतली शीळ बारीक होते आणि तोच वेग राखायला ॲक्सिलरेटर कमी दाबला तरी चालतो. कुणीतरी गाडी पुढून ओढतंय असंच वाटतं. खरं तर ओढत कुणी नाही. समोरून रेटणारी हवा तेवढी कमी झालेली असते.

हवा आपण रिकामी समजतो, पण घनमीटरभर हवा सव्वा किलोच्या आसपास भरते. ताशी ८० किलोमीटरने धावणारी छोटी मोटार दर सेकंदाला पन्नासएक किलो हवा बाजूला सारत असते! ट्रक हे काम आधीच करून जातो आणि त्याच्या पाठीमागे वाऱ्याचा आडोसा तयार होतो.

या आडोशाची ताकद चार्ल्स मर्फीने १८९९मध्ये न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर दाखवली. रुळांमध्ये फळ्या टाकल्या होत्या. आगगाडीच्या मागे सायकल हाणत त्याने ५७.८ सेकंदांत एक मैल कापला. पुढे गाडीची वाफ बंद झाली, वेग उतरला आणि मर्फी डब्यावर आदळला. डब्यातल्या माणसांनी त्याला सायकलसकट वर ओढलं म्हणून निभावलं.

मोटारीचा हिशेब ‘मिथबस्टर्स’ या टीव्ही कार्यक्रमाने २००७मध्ये मांडला. ताशी ५५ मैलांच्या, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरच्या वेगात ट्रकमागे १०० फुटांवर ११ टक्के इंधन वाचलं, तर १० फुटांवर तब्बल ३९ टक्के.

पण या वेगात १० फूट सरायला सेकंदाचा आठवा हिस्सा पुरतो. धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत सहज एक सेकंद जातो. तोवर मोटार २४ मीटर पुढे! आणि धोका दिसणार तरी कुठून? समोर नुसती ट्रकची पाठ. रस्त्यात पडलेला टायरचा तुकडा ट्रक दोन चाकांमध्ये घेऊन निघून जातो आणि तो थेट आपल्या बंपरपुढे उगवतो. ट्रकचे आरसे आपल्याला दिसत नसतील, तर ड्रायव्हरलाही आपण दिसत नाही. मोटारीचं नाक ट्रकच्या हौद्याखाली घुसलं, तर धडक थेट काचेवर बसते.

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, तसाच उतरतो. ताशी १०० वरून ८० वर या, तो एक तृतीयांशाहून जास्त घटतो. त्यासाठी कुणाच्या पाठीला चिकटावं लागत नाही, आणि पुढचा रस्ताही दिसतो.