एकाच महिन्याचे दोन ऋतू

१९८८ साली न्यूयॉर्क राज्य आणि मॉस्को इथल्या शाळा संगणकाने जोडण्याचा प्रकल्प सुरू झाला. त्यातून पुढे 'आयअर्न' हे शाळांचे जागतिक जाळे उभे राहिले. अशा जाळ्यांवर वेगवेगळ्या देशांतले वर्ग मिळून एखादा विषय घेतात. ऋतू हा त्यासाठी फार चांगला विषय, कारण त्याचे साहित्य प्रत्येक मुलाच्या खिडकीबाहेर असतेच.

मुले कविता लिहितात, शिक्षक त्या प्रकल्पाच्या पानावर ठेवतात, दुसरा वर्ग वाचून उत्तर देतो. यात हायकूचा बराच वापर होतो. जपानी परंपरेत हायकू या छोट्या कवितेची रचना ५-७-५ ध्वनिघटकांची असते आणि त्यात ऋतू सुचवणारा एक शब्द येतो. त्याला 'किगो' म्हणतात. अशा शब्दांचे कोशही जपानात आहेत. इतर भाषांत मात्र अक्षरांची मोजणी सैल ठेवावी, असे मला वाटते. मूल बोटे मोजत बसले की पाहणे थांबते. मराठीत शिरीष पै यांनी हायकू रुजवला, तेव्हा आपल्या वर्गांनाही हा प्रकार परका नाही.

खरी गंमत डिसेंबरात येते. कॅनडातले मूल बर्फावर लिहिते, त्याच आठवड्यात ऑस्ट्रेलियातले मूल कडक उन्हावर. पृथ्वीचा अक्ष साडेतेवीस अंशांनी कललेला असल्यामुळे दोन गोलार्धांत ऋतू उलटे असतात, हे भूगोलाच्या पुस्तकात असतेच. पण इथे ते समवयस्काच्या तोंडून कळते. आपल्या मुलांनी अशा देवाणघेवाणीत पावसाळा पाठवावा. चार ऋतूंच्या देशांतल्या मुलांना तो नवा असेल.

सुरक्षिततेसाठी कवितेखाली मुलाचे फक्त पहिले नाव द्यावे. आणि शिक्षकांनी ओळी फार दुरुस्त करू नयेत.