‘डेर ऑप्टिमिस्मुस’ : एक जर्मन नाम आणि पालीचा अभ्यासक

पाली भाषेच्या गंभीर अभ्यासकास जर्मन भाषेशी तोंडओळख करून घ्यावीच लागते. विल्हेल्म गायगर यांचा पाली वाङ्मय व भाषा या विषयावरील ग्रंथ १९१६ साली जर्मनमध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याचे बटकृष्ण घोष यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १९४३ साली कलकत्त्याहून निघाले. हेर्मान ओल्डेनबर्ग यांचा तथागतांचे चरित्र, शिकवण व संघ यांवरील ग्रंथ १८८१ सालचा. त्याचे इंग्रजी भाषांतर वर्षभरातच झाले. भाषांतरे हाताशी असली तरी तात्त्विक संज्ञांचे नेमके वजन मुळातच पाहावे लागते. प. पू. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही जर्मनचा अभ्यास केला होता आणि १९२१ साली बॉन विद्यापीठात शिकण्याच्या हेतूने त्यांनी जर्मन भाषेत अर्ज लिहिला होता, हे अनेक वाचकांस ठाऊक असेल.

धम्मविषयक जर्मन ग्रंथांतून व त्यांवरील चर्चेतून नामांची एक जोडी वारंवार भेटते : ‘ऑप्टिमिस्मुस’ आणि ‘पेसिमिस्मुस’. मराठीत आपण त्यांस आशावाद व निराशावाद म्हणतो. एकोणिसाव्या शतकातील युरोपने धम्माच्या कपाळी यांपैकी दुसरा शिक्का मारला. त्याला उत्तर म्हणून आमचे विद्यार्थी उत्साहाने लिहितात की, धम्म हा ‘ऑप्टिमिस्मुस’ आहे. या उत्तरामागील भावना आम्ही पूर्णपणे जाणतो. तथापि शब्दाची निवड आम्हास मान्य नाही. ती का मान्य नाही, हे या नामाचे व्याकरण आणि इतिहास पाहिल्यावर ध्यानात येईल.

प्रथम व्याकरण. ‘ऑप्टिमिस्मुस’ हे पुल्लिंगी नाम आहे. जर्मनमध्ये ‘इस्मुस’ प्रत्ययान्त सर्वच नामे पुल्लिंगी असतात, त्यामुळे त्यांचे लिंग पाठ करावे लागत नाही. एरवी जर्मन नामांचे लिंग नवशिक्याला रडकुंडीस आणते. उच्चारात आघात ‘मिस्’ या अवयवावर पडतो. जर्मन लेखनात प्रत्येक नामाचे आद्याक्षर मोठ्या लिपीत असते. आपल्या देवनागरीत तशी सोय नाही, आणि तिची उणीव आम्हास कधी भासलीही नाही.

पालीच्या विद्यार्थ्याला येथे एक गोष्ट नवी वाटेल. पालीत विभक्तीचा भार नाम स्वतः वाहते : बुद्धो, बुद्धं, बुद्धस्स. जर्मनमध्ये तो बहुतांशी नामापूर्वीच्या उपपदावर पडतो. प्रथमेत ‘डेर ऑप्टिमिस्मुस’, द्वितीयेत ‘डेन ऑप्टिमिस्मुस’, चतुर्थीत ‘डेम ऑप्टिमिस्मुस’, षष्ठीत ‘डेस ऑप्टिमिस्मुस’. नाम जागचे हलत नाही. अन्य पुल्लिंगी नामांना षष्ठीत सामान्यतः ‘स’ जोडला जातो. येथे शब्दाच्या अंतीच ‘स’ असल्याने तो पुन्हा लागत नाही. इमान्युएल कांट यांनी १७५९ साली याच विषयावर एक छोटा निबंध लिहिला. त्याच्या शीर्षकातील ‘यूबर डेन ऑप्टिमिस्मुस’, म्हणजे ‘ऑप्टिमिस्मुसविषयी’, हे शब्द द्वितीयेचे उत्तम उदाहरण होत. या नामाचे अनेकवचन व्यवहारात जवळजवळ येत नाही.

याउलट ‘डेर ऑप्टिमिस्ट’, म्हणजे आशावादी मनुष्य, हे नाम प्रथमेचे एकवचन सोडून सर्वत्र ‘ऑप्टिमिस्टन’ असे होते. विद्यार्थी हमखास चुकतात ते येथे. विशेषण ‘ऑप्टिमिस्टिश’; ते नाम नसल्याने लहान अक्षराने लिहावे. समास मात्र आपल्या विद्यार्थ्यांना ताबडतोब उमगतात, कारण ते तप्पुरिसासारखेच असतात : अंत्य पद प्रधान आणि लिंग त्याचेच. ‘त्स्वेक’ म्हणजे हेतू. म्हणून ‘त्स्वेक-ऑप्टिमिस्मुस’ म्हणजे काही हेतू मनात धरून बाहेरून धारण केलेला आशावाद. निवडणुकीच्या सभांतून ऐकू येणाऱ्या भाषणांस हा शब्द चपखल बसावा.

आता अर्थ. या नामाच्या मुळाशी लॅटिनमधील ‘ऑप्टिमुम’, म्हणजे ‘सर्वोत्तम’, हा तमभाववाचक शब्द आहे. त्यात ‘आशा’ कोठेही नाही. लाइब्निझ यांनी १७१० सालच्या आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, ईश्वराने संभाव्य जगांतून सर्वोत्तम तेच जग निर्माण केले. या मताला ‘ऑप्टिमिस्म’ हे नाव फ्रान्समधील जेझुइट लेखकांनी १७३७ मध्ये दिले आणि व्होल्तेर यांनी १७५९ च्या ‘कांदीद’मध्ये त्याची यथेच्छ खिल्ली उडविली. म्हणजे हे नाम जन्मले ते एका ईश्वरवादी सिद्धान्ताचे नाव म्हणून. आजच्या बोलीत ते केवळ प्रसन्न, आशादायी वृत्तीसाठी वापरतात हे खरे. परंतु तात्त्विक ग्रंथांतून त्याचा मूळ अर्थ जागा असतो.

शोपेनहाउअर यांनी हाच सिद्धान्त उलटा केला. हे जग संभाव्य जगांतील निकृष्टतम होय, असे त्यांचे म्हणणे. धर्मांमधील मूलभूत भेद त्यांनी आशावादी व निराशावादी असा केला आणि बौद्ध धर्माला दुसऱ्या बाजूस बसवून त्याचा मोठा गौरव केला. हा गौरव धम्माला महागात पडला. शोपेनहाउअर १८६० साली निवर्तले. लंडनची पाली टेक्स्ट सोसायटी १८८१ मध्ये स्थापन झाली. पाली निकायांचे दालन त्यांच्यासमोर उघडलेलेच नव्हते. मज्झिमनिकायाचे जर्मन भाषांतरकार कार्ल ऑयगेन नॉयमान हेही त्यांच्याच ग्रंथांच्या वाटेने धम्माकडे आले होते. ओल्डेनबर्ग मात्र मूळ ग्रंथ वाचून लिहीत होते. बौद्धांची वृत्ती केवळ खिन्नतेची मानणे चूक आहे, असे त्यांनी स्पष्ट म्हटले आणि धम्मपदाच्या सुखवग्गाकडे बोट दाखविले.

सर्वोत्तम जग आणि निकृष्टतम जग ही दोन्ही विधाने जगाला एकदाच गुण देऊन मोकळी होतात. चार आर्यसत्यांची रचना तशी नाही. विसुद्धिमग्गात आचार्य बुद्धघोषांनी त्यांस रोग, रोगाचे निदान, रोगाचा उपशम आणि औषध यांची उपमा दिली आहे. वैद्याने रोगाचे नाव सांगितले म्हणून त्यास कोणी निराशावादी म्हणत नाही, आणि औषध दिले म्हणून आशावादीही म्हणत नाही. बाबासाहेबांना या आक्षेपाचे गांभीर्य पुरते ठाऊक होते. १९५७ साली प्रकाशित झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत, आर्यसत्ये धम्माला निराशावादी ठरवितात काय, हा प्रश्न त्यांनी स्वतःच उपस्थित केला. पुढे त्याच ग्रंथात तथागतांच्या मुखी आलेल्या उत्तराचा आशय असा की, या धम्मात दुःखाच्या स्वीकाराइतकाच दुःखनिवारणावर भर आहे. त्यात आशा आहे आणि प्रयोजनही आहे. येथे बाबासाहेबांनी निवडलेला शब्द ‘आशा’ हा आहे, ‘आशावाद’ हा नव्हे, याकडे आम्ही लक्ष वेधू इच्छितो.

पण ‘आशा’ हा शब्दही पालीत सरळ नाही. धम्मसङ्गणीत लोभाच्या पर्यायांमध्ये ‘आसा’ येते. मग आशा त्याज्य म्हणावी काय? याचे उत्तर अङ्गुत्तरनिकायाच्या तिकनिपातात, रथकारवग्गातील एका सुत्तात मिळते. तेथे तीन पुरुष सांगितले आहेत : निरासो, आसंसो आणि विगतासो. चण्डालादी ‘नीच’ मानलेल्या कुळात जन्मलेला, दरिद्री मनुष्य एखाद्या क्षत्रियाला राज्याभिषेक झाल्याचे ऐकतो. ‘मला केव्हा अभिषेक होईल’ असा विचारही त्याच्या मनात येत नाही. तो निरासो. अभिषेकयोग्य ज्येष्ठ राजपुत्राच्या मनात तो विचार येतो. तो आसंसो. अभिषिक्त राजाची ती आशा आता शमलेली आहे. तो विगतासो.

हे सुत्त वर्गात शिकवितांना पहिल्या उदाहरणाशी आमचे विद्यार्थी थांबतात, आणि त्यांनी थांबावेच. आपल्या आजोबा-पणजोबांचे वर्णन त्यांना तेथे दिसते. या उदाहरणातील नैराश्य स्वभावातून आलेले नाही. समाजव्यवस्थेने इच्छा करण्याचा अधिकारच काढून घेतल्याने ते आले आहे. अशा मनुष्यापुढे ‘ऑप्टिमिस्मुस’ मांडणे, म्हणजे हेच जग सर्वोत्तम आहे असे सांगणे, ही क्रूर थट्टा ठरेल. परंतु सुत्त तेथे संपत नाही. भिक्खुसंघाकडे वळताच तीच तीन नामे पुन्हा येतात, आणि आता कसोटी जन्माची राहत नाही. दुःशील भिक्खू निरासो. शीलवान भिक्खू आसंसो, कारण आसवक्षयाची वार्ता ऐकून ‘मलाही ते केव्हा साधेल’ असे त्यास वाटते. आणि अर्हत विगतासो, कारण त्याची विमुक्तीची आशा पूर्ण होऊन शमली. मुक्तीच्या या आशेला सुत्त दोष देत नाही. संघाच्या दारात कुळाचा प्रश्न गळून पडतो, हा या सुत्ताचा खरा आधार होय.

जर्मनमध्ये या आसंसो भिक्खूच्या मनःस्थितीसाठी ‘ऑप्टिमिस्मुस’हून जवळचा शब्द आहे : ‘डी त्सूफेरझिख्ट’, दृढ भरवसा. हे स्त्रीलिंगी नाम. त्याचे अंत्य पद ‘झिख्ट’, म्हणजे दृष्टी, ‘पाहणे’ या क्रियापदाशी संबद्ध. मज्झिमनिकायाच्या वीमंसकसुत्तात सद्धेला ‘दस्सनमूलिका’, पाहण्यात मूळ असलेली, असे विशेषण लावले आहे. दोन्ही भाषांचा या ठिकाणी मेळ बसतो, हा केवळ योगायोग असला तरी अध्यापनास फार उपयोगी पडतो.

राहिला ‘विगतासो’. जर्मनमध्ये शब्दशः ‘होफ्नुंग्सलोस’, म्हणजे ‘आशारहित’, लिहिल्यास वाचक त्याचा अर्थ हताश असाच घेईल आणि अर्हत निरासो होऊन बसेल. मराठीतही ‘निराश’ किंवा ‘आशा मावळलेला’ लिहून हीच चूक होते. आमच्या वर्गात आम्ही सध्या ‘आशा पुरी होऊन शमलेला’ असे लांबट भाषांतर स्वीकारले आहे. याहून आटोपशीर शब्द कोणा अभ्यासकास सुचल्यास त्याने तो अवश्य कळवावा.