शांत सूर्याच्या ठिणग्या

सूर्याच्या पृष्ठभागाचे तापमान साधारण ५,५०० अंश सेल्सिअस आणि त्याभोवतीच्या विरळ प्रभामंडळाचे दहा लाख अंशांहून जास्त! आगीपासून दूर जावे तशी धग कमी व्हायला हवी. इथे ती शेकडो पटींनी वाढते. प्रभामंडळाच्या वर्णपटातल्या अनोळखी रेषा अतितप्त लोखंडाच्या आहेत, हे १९४०च्या सुमारास बेंग्ट एडलेन यांनी दाखवले. तेव्हापासून हे कोडे शास्त्रज्ञांना छळते आहे. पुण्यात विद्यापीठाच्या आवारातल्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रात, म्हणजे एनसीआरएमध्ये, दिव्य ओबेरॉय यांचा गट त्याच्याच मागे आहे.

युजीन पार्कर यांनी १९८८मध्ये एक उत्तर सुचवले होते. पृष्ठभागावरचा प्लाझ्मा सतत खदखदतो आणि त्यात रुतलेल्या चुंबकीय बलरेषांना वेणीसारखा पीळ पडत जातो. ताण हाताबाहेर गेला, की त्या तुटून नव्याने जुळतात आणि ऊर्जा सुटते. असा एकेक स्फोट अगदी किरकोळ, पण ते अगणित. किरकोळ म्हणूनच क्ष-किरणांच्या दुर्बिणींना ते सुटे सुटे दिसत नाहीत. पुणेकर गटाने रेडिओची वाट धरली. बलरेषा जुळताना इलेक्ट्रॉन प्रचंड वेगाने फेकले जातात. त्यांचा झोत प्लाझ्मा ढवळतो आणि रेडिओलहरी निघतात. थोड्या ऊर्जेतही हा संदेश ठळक असतो.

तो टिपणारी दुर्बीण पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या निर्मनुष्य माळावर आहे: मर्चिसन वाइडफील्ड अ‍ॅरे. तिला तबकड्या नाहीत, हलणारे भाग नाहीत. जमिनीलगत सोळा-सोळा अँटेनांचे चौकोन मांडलेले आहेत. पण मला खरे मोल वाटते ते पुण्यातल्या कामाचे. सूर्य क्षणाक्षणाला बदलतो, म्हणून प्रत्येक क्षणाची आणि प्रत्येक वारंवारतेची प्रतिमा वेगळी काढावी लागते. हाताने ते होणे अशक्य. सुरजित मोंडल आणि सहकाऱ्यांनी त्यासाठी 'एअरकार्स' ही स्वयंचलित प्रणाली रचली. हे कष्ट बातम्यांत येत नाहीत, पण पुढचे सारे त्यांवरच उभे आहे.

मोंडल, ओबेरॉय आणि अतुल मोहन यांचा शोधनिबंध २०२०मध्ये आला. सूर्य शांत असतानाच्या जेमतेम ७० मिनिटांच्या नोंदींत त्यांना प्रभामंडळात सगळीकडे सेकंदभरही न टिकणाऱ्या क्षीण रेडिओठिणग्या आढळल्या.

कोडे मात्र अजून सुटलेले नाही. या ठिणग्यांमागच्या स्फोटांची एकूण ऊर्जा प्रभामंडळ तापवायला पुरते का, हा हिशेब बाकी आहे. चुंबकीय लहरी वर वाहून नेतात ती ऊर्जाही त्यात धरावी लागेल.

एनसीआरएच्या जीएमआरटी दुर्बिणीवर, नारायणगावजवळच्या खोडदला, २८ फेब्रुवारीच्या विज्ञानदिनी प्रदर्शन भरते. मुलांना घेऊन जा आणि तिथल्या संशोधकांना सूर्याविषयी जरूर विचारा.