डब्यातली चूल

चामुंडी टेकडीच्या पायथ्याशी, उत्तनहळ्ळीच्या बाजूच्या एका नारळाच्या बागेत हातोड्या वाजताहेत. दसऱ्याची सुट्टी आहे आणि म्हैसुरातल्या काही मराठी घरांतली पोरं इथे जमली आहेत. तेलाचा पंधरा किलोचा डबा निम्म्या उंचीवर कापून घेतलेला आहे. एकीकडे तळाशी लाकडं सारायला खिडकी, समोरच्या बाजूला वर धुरासाठी भोकं, आणि पातेलं टेकायला दोन आडव्या सळया. आठवीतला एक मुलगा खिडकीची कापलेली कड पकडीने आत दुमडतो आणि ठोकून सपाट करतो. सोबतचे काका तिच्यावरून बोट फिरवतात. "इथे अजून लागतंय. पुन्हा ठोक." तो पुन्हा ठोकतो.

डबे काल मोठ्यांनी रिकामेच तापवून घेतले आहेत, त्यामुळे बाहेरचा रंग आणि आतलं तेल जळून गेलं आहे. जस्ताचा मुलामा दिलेली बादली चुलीसाठी आयती वाटते, पण ती फार तापली की जस्ताचा अपायकारक धूर सुटतो. इथे ती पाणी भरून चुलीशेजारी ठेवली आहे, जोडीला वाळूचं घमेलं.

चुलीभोवतीचं गवत खरवडून काढलं आहे. तळाला माती दाबून डबा पक्का बसवला आहे. जरा लांबून मुलींनी रांगोळीचं रिंगण आखलं आहे. त्याच्या आत फक्त रांधणारे दोघे आणि एक मोठं माणूस. पळापळ रिंगणाबाहेर. नायलॉनची जर्सी घालून आलेल्या मुलीला सुती सदरा दिला जातो, कारण नायलॉन वितळून कातडीला चिकटतं. लांब केसांच्या वेण्या वर बांधल्या जातात. रॉकेलची बाटली बागेत आणलेलीच नाही. कापराची एक वडी पुरते.

काडी सहावीतली मुलगी ओढते. काडेपेटी लगेच काकांच्या खिशात जाते. "बेंकी हत्तितु!" आग पेटली, असं कुणीतरी कन्नडमध्ये ओरडतं. पण पावसाने झावळ्या ओलसर आहेत, नुसता धूर होतो. काका फुंकणी देतात आणि आधी स्वतः करून दाखवतात: फुंकून झालं की तोंड नळीपासून दूर न्यायचं, मगच श्वास घ्यायचा. धूर छातीत जाऊ नये म्हणून. ती तीन-चारदा तसंच करते आणि जाळ धरतो.

आता सगळ्यांना मोठा जाळ हवा आहे. एकजण चार करवंट्या घेऊन धावत येतो. काका त्याला रिंगणाशीच थांबवतात. मला विचाराल तर मुलांबरोबर चुलीवर रांधताना हीच खरी शिकवण्याची जागा. करवंटी भडकून पेटते, ज्वाळा पातेल्याच्या कडेवरून वर येतात, ढवळणारा हात भाजतो, आणि खिचडी खाली करपून वर कच्चीच राहते. पेन्सिलीएवढ्या काटक्या, टोकं तेवढी आत आणि हवेला वाट मोकळी; जाळ कमी करायचा तर काटकी मागे ओढायची. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ साली सुरू झालेल्या 'अस्त्र' केंद्राने कर्नाटकातल्या खेड्यांसाठी 'अस्त्र ओले' ही चूल घडवली; कन्नडमध्ये ओले म्हणजे चूल. तिच्यातही हवेच्या वाटेकडे लक्ष होतं: कमी लाकूड, कमी धूर, आच भांड्याला. डब्याची चूल तिच्यापुढे कच्ची आहे, पण मुलांना ही गोष्ट इथे डोळ्यांनी दिसते.

पातेल्याला बाहेरून राखेचा ओला लेप दिला आहे, नंतर काजळी सहज निघते. तांदूळ आणि मुगाची डाळ तासभर भिजलेली, वर हळद आणि मीठ. पातेलं अर्ध्याहून जास्त भरलेलं नाही. म्हैसूर समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या वर आहे. इथे पाणी सत्त्याण्णव अंशांच्या आसपासच उकळतं. भिजवलेल्या डाळीचा म्हणूनच उपयोग.

तेवढ्यात ढवळणाऱ्या मुलाचं बोट डब्याला टेकतं. तो ओरडत नाही, नुसता हात मागे घेतो. पण काकांनी पाहिलं आहे. दुसरं एक मोठं माणूस चुलीशी येतं आणि काका त्याला नळाखाली नेतात. "टूथपेस्ट लावू या?" एक मुलगी विचारते. "नाही. बर्फ नाही, हळद नाही. साधं वाहतं पाणी, वीस मिनिटं." वीस मिनिटं मुलाला फार मोठी वाटतात. दोघी मैत्रिणी त्याच्याबरोबर उभ्या राहून पाढे म्हणतात, एकोणीसचा पाढा दोनदा चुकतो. बोट लाल आहे, फोड नाही.

काटक्या मागे ओढल्या आहेत. झाकणाखाली खिचडी निखाऱ्यांवर मुरते आहे. दोन्ही कडा सांडशीने धरून मोठी माणसं पातेलं उतरवतात. तूप सोडल्याचा वास येताच पोरं ताटं घेऊन बसतात, पण वाढायला कुणी येत नाही. आधी चूल. सहावीतली मुलगी निखाऱ्यांवर पाणी शिंपडते, वाफेपासून मागे सरते, काठीने राख हलवते, पुन्हा पाणी. मग हाताची मागची बाजू राखेच्या वर धरते.

"अजून ऊब आहे."

आणखी एक तांब्या. पुन्हा काठी, पुन्हा हात. ताटांकडून कुरकुर ऐकू येते. ती वळूनही पाहत नाही. तिसऱ्या तांब्यानंतर ती राखेत बोट घालते.

"आता वाढा," ती म्हणते.