रद्दीच्या काट्यापलीकडे

मराठवाड्यातील सुशिक्षित घरांतून पुस्तकाचा शेवट बहुधा तराजूच्या पारड्यात होतो. शिक्षक निवृत्त होतात, मुलगा पुण्याला नोकरीस लागतो, घराची वाटणी होते, आणि एका पिढीने पगारातून चार पैसे बाजूला काढून जमविलेला संग्रह वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांबरोबर किलोच्या भावाने निघून जातो. रद्दीवाल्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्या काट्याला वजन कळते, ग्रंथ कळत नाही. प्रश्न असा की, नागपूरच्या एखाद्या प्राध्यापकाला वा मुंबईच्या एखाद्या विद्यार्थ्याला ज्या पुस्तकाची निकड आहे, ते त्याच्या हाती पोचविणारा दुवा बीड जिल्ह्यातील खेड्यात निर्माण होऊ शकेल काय? इंटरनेटच्या साहाय्याने घरबसल्या जुनी पुस्तके विकण्याचा व्यवसाय हे या प्रश्नाचे एक उत्तर आहे. मात्र या उत्तराचे मर्म यंत्रात नाही, हे आधीच ध्यानी घेतलेले बरे.

पाली हे गाव उदाहरणादाखल घ्यावे. बीड शहराच्या दक्षिणेस, सोलापूरकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर, बिंदुसरा प्रकल्पाजवळ ते वसले आहे. येथे कोणी जुन्या पुस्तकांचे दुकान थाटले, तर ते फार दिवस चालणार नाही. याचे कारण गावकऱ्यांची वाचनाविषयीची अनास्था हे नव्हे. जुन्या पुस्तकाचा ग्राहक मुळातच विरळ असतो. एखाद्या जुन्या व्याकरणग्रंथाचे खरेखुरे गरजू उभ्या महाराष्ट्रात पंचवीस असले, तर त्यांतील एकही पालीत असण्याचा संभव नाही. म्हणूनच हा व्यापार आजवर मोठ्या शहरांच्या आश्रयाने वाढला. पुण्याचा अप्पा बळवंत चौक, मुंबईच्या हुतात्मा चौकालगतचे पदपथ, कोलकात्याची कॉलेज स्ट्रीट ही त्याची प्रसिद्ध ठिकाणे. तेथेही स्थैर्य आहे असे नाही. दिल्लीच्या दर्यागंजमधील रविवारचा पुस्तकबाजार २०१९ मध्ये आपल्या जुन्या पदपथावरून हलवावा लागला, हे सर्वश्रुत आहे.

विखुरलेला ग्राहक एकत्र आणता आला, तर लहान गावही पुस्तकांचे केंद्र होऊ शकते, याचा दाखला संगणकयुगाच्या आधीच मिळाला होता. वेल्सच्या सीमेवरील हे-ऑन-वाय या छोट्या गावात रिचर्ड बूथ यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी जुन्या पुस्तकांचे दुकान उघडले. पुढे तेथे अशी अनेक दुकाने झाली आणि ते गाव जगभरच्या ग्रंथप्रेमींचे तीर्थक्षेत्र बनले. आपल्याकडे महाबळेश्वर-पाचगणी परिसरातील भिलार हे मे २०१७ मध्ये 'पुस्तकांचे गाव' झाले. तेथील योजना विक्रीची नसून वाचनाची आहे. तरीही पुस्तकासाठी माणूस खेड्यात येतो, एवढे तिने दाखवून दिले. इंटरनेटने पुढचा टप्पा गाठला. आता ग्राहकाला गावात यावेच लागत नाही. कॅनडातील व्हिक्टोरिया येथे १९९५ मध्ये स्थापन झालेल्या एबबुक्स या कंपनीने ठिकठिकाणच्या स्वतंत्र पुस्तकविक्रेत्यांच्या याद्या एकत्र आणल्या. २००८ मध्ये ती ॲमेझॉनने विकत घेतली. भारतात फ्लिपकार्टनेही २००७ मध्ये बंगळूरला आरंभ केला तो पुस्तकांपासूनच. पुस्तक नासत नाही, सहजासहजी फुटत नाही आणि त्याचे नाव सांगताच नेमकी वस्तू कळते. घरगुती व्यापाराला याहून सोयीचा माल क्वचितच सापडेल.

व्यवहाराची बाजूही अगदीच प्रतिकूल नाही. राहत्या घरातील एक खोली व लोखंडी मांडण्या एवढ्यावर काम सुरू होते. दुकानाचे भाडे वाचते. मुद्रित पुस्तकांवर वस्तू व सेवा कराचा दर शून्य आहे. रेल्वेची वाट पाहण्यात बीडच्या कित्येक पिढ्या गेल्या. अहिल्यानगर-बीड गाडी धावू लागली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी. टपाल मात्र रेल्वेच्या कितीतरी आधीपासून गावोगाव पोचलेले आहे. १ मे २०२५ पासून टपाल खात्याने ग्रंथांसाठी 'ज्ञान पोस्ट' ही सेवा सुरू केली. आरंभी तिचा दर ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये व ५ किलोपर्यंत १०० रुपये, अधिक कर, असा ठरविण्यात आला. जेथे पुस्तकाच्या किमतीएवढाच खर्च ते पाठविण्यास येतो, तेथे असा सवलतीचा दर हाच व्यवसायाचा प्राण होय.

तथापि, हिशेबाची वही उघडल्यावाचून उत्साह धरू नये. समजा, एक पुस्तक ३० रुपयांस घेतले आणि १२० रुपयांस विकले. टपालखर्च ग्राहकाने दिला, वेष्टनास १० रुपये लागले आणि विक्रीमंचाच्या दलालीपोटी २० रुपये गेले. म्हणजे हाती ६० रुपये उरले. आता घेतलेल्या दहा पुस्तकांपैकी चारच विकली गेली, तर नफा २४० रुपये. पण न खपलेल्या सहा पुस्तकांत १८० रुपये अडकून पडले. वर्षअखेर शिल्लक ६० रुपयांची! हीच दहांपैकी नऊ पुस्तके खपली, तर ५४० रुपयांतून ३० वजा जाता ५१० उरतात. भांडवल तेच, टपाल तेच आणि यंत्रही तेच. अंतर पडले ते कोणते पुस्तक घ्यावे आणि कोणते सोडावे या पारखीमुळे.

पारखीच्या जोडीला वर्णनाचा प्रामाणिकपणा हवा. नव्या पुस्तकाला आंतरराष्ट्रीय प्रमाण ग्रंथ क्रमांक असतो. तो टंकित केला की पुस्तक सापडते. परंतु ही पद्धत जागतिक प्रमाण म्हणून १९७० मध्ये आली, आणि जुन्या मराठी पुस्तकांवर असा क्रमांक नसतो. तेथे विक्रेत्याने लिहिलेली नोंद हेच पुस्तकाचे दार. लेखक, प्रकाशक, आवृत्ती, सन, पृष्ठसंख्या, बांधणी, वाळवीची छिद्रे, गहाळ पाने, समासातील पेन्सिलीच्या खुणा हे सारे नेमके लिहावे लागते. ग्राहक पुस्तक हाती घेऊन पाहू शकत नाही. तो केवळ शब्दावर विश्वास ठेवतो. एक पान गहाळ असल्याचे लपविणारा विक्रेता एक पुस्तक विकतो आणि दहा ग्राहक घालवितो. शिक्षकाची विषयाची जाण, लिपिकाची नोंदवहीची शिस्त आणि विद्यार्थ्याची यंत्राशी असलेली सलगी हे तीन गुण एका घरात एकत्र आले, तर पालीसारख्या गावीही हे काम शहराच्या तोडीने होऊ शकेल.

हे काम बीड जिल्ह्यात करण्यास आणखी एक कारण आहे. १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यात होता आणि तेथील शिक्षणात व कारभारात उर्दूला प्रमुख स्थान होते. मुकुंदराज व दासोपंत यांचे अंबाजोगाई याच जिल्ह्यातले. येथील जुन्या घरांच्या माळ्यांवर मराठी पोथ्या, मोडी कागद व उर्दू पुस्तके यांची सरमिसळ आढळली, तर नवल नव्हे. ते वाचू शकणारी पिढी सरत चालली आहे. जे वाचता येत नाही, ते प्रथम रद्दीत जाते. अशा वेळी विकत घेणाऱ्याने ते जाणत्याला दाखविणे हे त्याच्या धंद्याचे आणि समाजाचेही हित आहे.

मोह टाळावयाचे प्रसंगही येतील. एकदा विकली गेलेली मूळ प्रत पुन्हा विकण्यास १९५७ चा स्वामित्वहक्क कायदा आडकाठी करीत नाही; परंतु बेकायदा छापलेली प्रत किंवा संपूर्ण पुस्तकाची झेरॉक्स विकणे हा गुन्हा ठरतो. ग्रंथालयाचा शिक्का असलेले पुस्तक रीतसर निर्लेखित झाल्याची खातरजमा केल्यावाचून घेऊ नये. तिसरा मोह स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांचा. २०२५ पासून राज्यसेवा मुख्य परीक्षेचे स्वरूप वर्णनात्मक झाले. बहुपर्यायी प्रश्नांचे जुने मार्गदर्शक त्या परीक्षेसाठी म्हणून एखाद्या गरीब विद्यार्थ्याच्या गळ्यात मारणे कायद्याने गुन्हा नसेल. पण त्याने त्या मुलाचे पैसे आणि वर्ष दोन्ही वाया जातात.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे. अशा व्यापाराने जिल्ह्यातील दुर्मिळ ग्रंथ श्रीमंत शहरांकडे वाहून जातील, असे कोणी म्हणेल. भीती खोटी नाही. पण आज त्या ग्रंथांची वाट शहराकडे जात नसून लगद्याच्या हौदाकडे जाते, हे विसरून चालणार नाही. शिवाय यावर उपाय आहे. स्थानिक इतिहासाचा ग्रंथ हाती आल्यास तो प्रथम तालुक्यातील ग्रंथालयास वा महाविद्यालयास वाजवी किमतीत देऊ करावा; त्यांनी नाकारल्यावरच बाहेर पाठवावा. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ पासून आहे. त्याखाली अनुदान घेणाऱ्या ग्रंथालयांनीही नव्या पुस्तकांच्या याद्यांपलीकडे पाहावयास हवे.

दसरा सरला की ज्या जिल्ह्यातील हजारो कुटुंबे कोयता घेऊन ऊसतोडीला बाहेर पडतात, तेथे घरगुती पुस्तकविक्रीने बेकारी हटेल असे म्हणणे ही थट्टा ठरेल. त्यातून एखाद्या घराला पूरक उत्पन्न मिळेल, तेही वर्ष-दोन वर्षे नेटाने काम केल्यावर. पण रद्दीत तीस किलो म्हणून जाणाऱ्या गठ्ठ्यातून जाणत्या डोळ्यांनी तीन ग्रंथ बाजूला काढले आणि ते तीन वाचकांच्या हाती पडले, तर एका निवृत्त शिक्षकाने आयुष्यभर केलेली ग्रंथखरेदी वाया गेली, असे म्हणण्याची पाळी येणार नाही. हे काम पालीत बसून करता येते, आणि काटा येण्यापूर्वीच ते करावयास हवे.