मेंढ्यांतील फुफ्फुसाचा सांसर्गिक कर्करोग



मुंबई उपनगरातील देवनार येथील पशुवधगृहात १९७१ पासून राज्यातून व परराज्यांतून शेळ्या-मेंढ्या येतात. बकरी ईदच्या सुमारास तेथे मोठा बाजार भरतो. अशा कोणत्याही बाजारात गावोगावची जनावरे एकमेकांना खेटून उभी असतात. तेथून विकत घेतलेली किंवा न विकलेली मेंढी कळपात सोडण्यापूर्वी विषाणूमुळे होणाऱ्या फुफ्फुसाच्या कर्करोगाची माहिती असणे जरूर आहे. भारतातील मेंढ्यांत हा रोग आढळल्याची नोंद २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केली आहे.

प्रसार कसा होतो?

याखसिक्टे नावाच्या रिट्रोव्हायरसमुळे फुफ्फुसात गाठी होतात. गाठींतून पातळ, फेसाळ स्राव पाझरतो व त्यात भरपूर विषाणू असतात. श्वासातील तुषारांतून ते शेजारच्या मेंढीकडे जातात. आईच्या चिकातून व दुधातूनही कोकरांना लागण होते. कोवळी कोकरे लवकर बळी पडतात. दाटीचा वाडा व सामाईक गव्हाण प्रसाराला मदत करतात. आइसलँडमध्ये १९३३ साली जर्मनीहून आणलेल्या, दिसायला निरोगी काराकुल मेंढ्यांबरोबर हा रोग शिरला. कळपच्या कळप कापून १९५२ मध्ये त्याचे निर्मूलन झाले.

वेळीच का कळत नाही?

लागण झाल्यावर लक्षणे दिसण्यास अनेक महिने, कधी वर्षे लागतात. बहुधा दोन ते चार वर्षांच्या मेंढ्या आजारी दिसतात. या विषाणूसारखे अंश मेंढीच्या जनुकांत मुळातच असतात. त्यामुळे शरीर त्याला परके मानत नाही व प्रतिपिंडे तयार होत नाहीत. म्हणून रक्तातील प्रतिपिंडे तपासून रोग ओळखता येत नाही. लस किंवा उपचारही नाही.

लक्षणे

चारा खात असूनही मेंढी खंगते, चालताना मागे पडते, धापा टाकते. मागचे पाय उचलून डोके खाली केल्यास नाकातून पाणी गळते. पाणी न आल्यास रोग नाही, असे मात्र समजू नये. ही तपासणी पशुवैद्यकांकडूनच करून घ्यावी. न्यूमोनिया समजून दिलेल्या औषधांनी तात्पुरता आराम पडतो, रोग जात नाही.

काय करावे?

१. मेंढा व माद्या माहितीच्या, खात्रीच्या कळपातूनच घ्याव्यात. नवीन जनावर तीन आठवडे वेगळे ठेवणे इतर रोगांसाठी चांगले. पण हा रोग तेवढ्यात उघड होत नाही.

२. धाप लागणारी मेंढी ताबडतोब वेगळी करावी. तिची कोकरे पैदाशीसाठी ठेवू नयेत.

३. वाड्यात दाटी टाळावी, हवा खेळती ठेवावी. कोकरे व मोठ्या मेंढ्या वेगवेगळ्या बांधाव्यात.

४. मेलेल्या मेंढीचे शवविच्छेदन करून घ्यावे. जड, कठीण, करड्या रंगाचे फुफ्फुस व श्वासनलिकेतील फेस ही महत्त्वाची खूण आहे.

माणसाला या विषाणूमुळे रोग होतो असे सिद्ध झालेले नाही. त्यामुळे घाबरू नये. मात्र खंगलेली मेंढी स्वस्तात दुसऱ्याच्या गळ्यात मारू नये. तिच्याबरोबर रोगही त्याच्या वाड्यात जातो आणि पुढच्या बाजारातून तो आपल्याकडेच परत येऊ शकतो.