टक्के किती आणि उन्हाळे किती?

बुलढाणा जिल्ह्यात दोन हवामाने शेजारी-शेजारी नांदतात. घाटावर, खुद्द बुलढाण्यात, उन्हाळ्यातली संध्याकाळ सुखाची असते. घाट उतरून मलकापूर, नांदुरा, खामगाव गाठावे, तर मे महिन्यात पारा चाळिशी केव्हाच ओलांडून बसलेला! या उन्हावर आता शेतातले पंप चालू लागले आहेत. 2024 मध्ये राज्य सरकारने ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ ही योजना आणली. ओलितासाठी रात्री-अपरात्री शेतात जाणाऱ्याला दिवसाढवळ्या पाणी मिळणे, ही केवढी सोय!

मलकापूरकडचे आमचे एक मेहुणे अशाच पंपाचे धनी. गेल्या उन्हाळ्यात मी त्यांना ‘पेरोव्हस्काइट’ नावाच्या नव्या सौरघटाची टक्केवारी मोठ्या उत्साहाने ऐकवू लागलो. त्यांनी मला मध्येच थांबवले.

“टक्के मंग सांगा, भाऊजी. थे किती उन्हाये काढन, थे सांगा पहिले!”

प्रश्न बिनतोड होता. जगभरच्या प्रयोगशाळा आज नेमक्या याच प्रश्नाशी झुंजत आहेत.

पेरोव्हस्काइट हे मूळ एका खनिजाचे नाव. ते 1839 मध्ये उरल पर्वतात सापडले आणि पेरोव्हस्की या रशियन गृहस्थांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. सौरघटात वापरतात ते खनिज हे नव्हे. तिथे फक्त स्फटिकाची ठेवण तशी असते आणि घटक बहुधा शिसे, आयोडीन व एखादे सेंद्रिय द्रव्य असे असतात. 2009 मध्ये जपानच्या मियासाका यांनी असा पहिला घट केला, तेव्हा उन्हातली जेमतेम 3.8 टक्के शक्ती विजेत उतरली. आज प्रयोगशाळेतल्या चिमुकल्या घटांनी 26 टक्क्यांची मजल ओलांडली आहे. शिवाय करणे सोपे. सिलिकॉन वितळवायला 1400 अंशांची भट्टी लागते. इथे द्राव काचेवर पसरून शंभर-दीडशे अंशांवर तापवला की काम झाले. थर इतका पातळ, की आपला केस त्याच्या शंभरपट जाड!

पण घाईने रचलेल्या भिंतीत फटी राहतात, तशा या स्फटिकातही राहतात. कुठे आयोडीनचा कण जागेवर नसतो, कुठे दोन स्फटिककणांच्या सांध्यात फट असते. शेतातला पाट आठवा. विहिरीतून पाणी सुटले भरपूर, पण वाटेत उंदरांची बिळे असली तर शेवटच्या वाफ्यापर्यंत किती पोचणार? उन्हाने मोकळे झालेले इलेक्ट्रॉन असेच या रिकाम्या जागांत अडकतात आणि वीज होण्याऐवजी त्यांची नुसती उष्णता होते.

नुकसान एवढ्यावर थांबत नाही. त्याच बिळांतून आयोडीनचे कण हळूहळू सरकत राहतात. ऊन तापले की अधिकच. घटाच्या पाठीला चांदीचा लेप असेल, तर ते तिथवर पोचून चांदी खातात. खामगावची चांदी शुद्धतेसाठी नावाजलेली. पण या चोरापुढे तिचेही काही चालत नाही! त्यात बाहेरची दमट हवा फटींतून आत शिरली, की स्फटिक विस्कटू लागतो. म्हणजे वीज गळते ती वाट आणि आयुष्य झिजते ती वाट, पुष्कळशी एकच.

मला यातच आशा दिसते. एक बीळ बुजवले की दोन्ही चोऱ्यांना आळा बसतो. काही सेंद्रिय क्षारांचे रेणू पृष्ठभागावर पसरले, की ते रिकाम्या जागा धरून बसतात. मात्र लिंपण बेताचेच हवे. जाड झाले तर विजेचाच रस्ता अडतो. सांधे कमी व्हावेत म्हणून स्फटिककण मोठे वाढवतात आणि शेवटी सगळे काचेत हवाबंद करतात.

मुंबईच्या आय. आय. टी.मध्ये प्रा. दिनेश काबरा यांच्या गटाने सिलिकॉनच्या घटावर पेरोव्हस्काइटचा घट ठेवून जोडघट केला आहे. त्याची कार्यक्षमता सुमारे 30 टक्के भरली. वरचा घट निळा-हिरवा प्रकाश टिपतो, खालचा तांबडा आणि त्यापलीकडचा. म्हणजे तेवढ्याच जागेत जास्त वीज!

तरी खरी परीक्षा पुढेच आहे. 85 अंश उष्णता आणि 85 टक्के दमटपणा यांत 1000 तास काढणे, ही सौर पॅनेलची एक ठरलेली कसोटी. हजार तास म्हणजे जेमतेम बेचाळीस दिवस. सिलिकॉनच्या पॅनेलला तर पंचवीस वर्षांची हमी मिळते. शिवाय यात शिसे आहे. काच फुटून ते पावसाबरोबर काळ्या मातीत उतरणार नाही, याचीही तजवीज हवी.

तेव्हा वाचकहो, नव्या सौरघटाच्या विक्रमाची बातमी वाचाल, तेव्हा टक्क्यांचे कौतुक अवश्य करा. पण घराच्या गच्चीसाठी तो घ्यायची वेळ येईल, त्या दिवशी दुकानदाराकडून हमीचा कागद आधी मागून घ्या आणि त्यावरची वर्षे मोजा.